यंत्राच्या अलीकडे

जैवरसायन विभागाची सकाळ कंट्रोल सिरमने सुरू होते. कोरड्या भुकटीच्या कुपीत नेमके पाच मिलिलिटर शुद्ध पाणी सोडायचे, कुपी जोरात न हलवता हळूहळू गोल फिरवायची, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत अर्धा तास थांबायचे आणि मग ते सिरम यंत्राला द्यायचे. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आले की तंत्रज्ञ निर्धास्त होतो आणि रुग्णांचे नमुने लावतो. त्या दिवशी विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिपोर्टला सकाळच्या या आकड्यांचा आधार असतो.

आधार खरा आहे, पण तो अर्ध्याच वाटेला पुरतो. कंट्रोल सिरम काढताना कुणी दंडाला पट्टा आवळून शीर शोधलेली नसते. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधल्या टेबलावर ते दुपारपर्यंत पडून राहिलेले नसते, मे महिन्याच्या उन्हात एसटीने जिल्ह्याच्या गावी आलेले नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजतर्फे चालणाऱ्या बाह्य गुणवत्ता योजनेत देशभरातल्या प्रयोगशाळा भाग घेतात. तिथून येणारा नमुनाही आधीच तयार करून पाठवलेला असतो. म्हणजे आतली परीक्षा असो की बाहेरची, दोन्हींत उत्तीर्ण होते ते यंत्र. शिरेतून निघालेले रक्त यंत्राच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तेच राहिले का, हा प्रश्न कोणत्याही आलेखावर उमटत नाही.

हे पुस्तक त्या न उमटणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे. रक्त कसे काढावे, कोणत्या बल्बमध्ये घ्यावे, किती वेळ गोठू द्यावे, किती वेगाने फिरवावे, सिरम कधी वेगळे करावे, कुठे ठेवावे आणि कोणता नमुना सरळ परत पाठवावा, एवढाच त्याचा आवाका. वरवर पाहता या सगळ्या तंत्रज्ञांच्या डीएमएलटी पदविकेच्या पहिल्या वर्षातल्या गोष्टी. तरीही त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक का हवे, याचे उत्तर या शास्त्राच्या इतिहासात सापडते.

ओटो फोलिन आणि श्येन वू यांनी १९१९ साली टंग्स्टिक आम्लाने रक्तातली प्रथिने वेगळी काढण्याची रीत मांडली. उरलेल्या नितळ गाळीवातून साखर, युरिया, क्रिएटिनिन, युरिक आम्ल असे अनेक घटक मोजता येऊ लागले. १९२५ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फॉस्फरस मोजण्याची रंगपद्धत दिली. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या ‘फिस्के-सुब्बाराव’ शिकत वाढल्या. या पद्धती हातांनी करायच्या होत्या, आणि हातागणिक उत्तर बदलत असे. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले, तेव्हा आलेल्या उत्तरांपैकी बरीचशी मान्य मर्यादेच्या बाहेर होती. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातल्या गुणनियंत्रणाचा आलेख प्रयोगशाळेत आणला. १९५७ मध्ये लिओनार्ड स्केग्ज यांच्या ऑटोअ‍ॅनालायझरने प्रथिने वेगळी करण्याचे कामही पटलामार्फत यंत्राकडे सोपवले. तिथून पुढे मोजणीतली चूक सातत्याने घटत गेली.

मोजणी सुधारली तसा चुकीचा मुक्काम हलला. इटलीतल्या पादुआच्या मारियो प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी १९९७ मध्ये तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुकांची विभागणी केली. त्यांपैकी ६८.२ टक्के चुका नमुना यंत्रावर जाण्यापूर्वी झाल्या होत्या. प्रत्यक्ष मोजणीच्या वाट्याला १३.३ टक्के आल्या. दहा वर्षांनी त्यांनीच पुन्हा पाहणी केली, तेव्हाही पहिला आकडा ६१.९ टक्के होता. यामागे कामाची वाटणीही आहे. पूर्वी छोट्या प्रयोगशाळेत रक्त काढणारा, सिरम वेगळे करणारा आणि मोजणारा माणूस बहुधा एकच असे. नमुन्याचे काय झाले हे त्याला ठाऊक असे, कारण जे काही झाले ते त्याच्याच हातून झालेले असे. आज रक्त वॉर्डातली सिस्टर काढते, वॉर्डबॉय ते खाली आणतो किंवा कुरिअर ते दुसऱ्या शहरात नेतो, आणि यंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाच्या हाती येतो तो फक्त बारकोड. प्रत्येकाला आपला तुकडा नीट येतो, पण अख्खी वाट कुणीच पाहिलेली नसते.

या वाटेवर काय काय घडते ते समजून घ्यायचे, तर एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. शिरेतून बाहेर काढलेले रक्त जिवंत असते. बल्बमध्ये पडल्यानंतरही त्यातल्या तांबड्या पेशी साखर खातात, क्षार आत ओढतात, बाहेर सोडतात. सिरम तयार करणे म्हणजे या पेशींचा त्या द्रवाशी असलेला व्यवहार वेळेवर आणि स्वच्छपणे थांबवणे. पुढच्या सगळ्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

व्यवहार थांबवण्यासाठी पहिल्यांदा रक्त नीट गोठावे लागते. साध्या काचेच्या प्लेन बल्बमध्ये याला तीस ते साठ मिनिटे लागतात. क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर असलेल्या ट्यूबमध्ये साधारण अर्धा तास. हेपॅरिन किंवा वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाचे रक्त याहून उशिरा गोठते. लावलेले दही मध्येच हलवले तर मोडते, तसाच हा प्रकार आहे: या वेळात ट्यूब उभी आणि स्थिर हवी. घाईने फिरवलेल्या नमुन्यात फायब्रिनचे धागे तरंगत राहतात, यंत्राची सुई त्यांत अडकते, नमुना कमी उचलला जातो आणि सगळेच आकडे खोटे कमी येतात. गुठळी ट्यूबच्या कडेला चिकटली म्हणून काडीने सोडवण्याची जुनी सवय तर टाकूनच द्यायला हवी. त्या काडीने पेशी फुटतात.

मग सेंट्रिफ्यूज. ‘तीन हजारावर दहा मिनिटे’ हा मंत्र बहुतेक प्रयोगशाळांत तोंडपाठ असतो, आणि तो अपुरा आहे. नमुन्याला वेगळे करते ते बल, फेऱ्यांचा आकडा नव्हे. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने आणि ०.००००१११८ या स्थिरांकाने गुणायचे, की गुरुत्वाच्या किती पट बल मिळते ते कळते. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात तीन हजार फेऱ्यांना सुमारे १,००० पट बल मिळते. पंधरा सेंटिमीटरच्या यंत्रात त्याच तीन हजार फेऱ्यांना १,५०० पटींहून थोडे अधिक. जेलच्या ट्यूबसाठी साधारणपणे १,००० ते १,३०० पट बल आणि दहा मिनिटे सांगितली जातात. म्हणजे एकाच आकड्यावर लावलेल्या दोन यंत्रांपैकी एक बरोबर चालते आणि दुसरे मर्यादेच्या बाहेर जाते. ज्यांच्याकडे नवे यंत्र आले आहे त्यांनी पट्टीने त्रिज्या मोजून हा गुणाकार एकदा करावा आणि उत्तर यंत्राच्या झाकणावर चिकटवावे.

सिरम आणि पेशी यांची फारकत रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत व्हावी, असा सर्वमान्य नियम आहे. तो मोडला तर काय होते, हे ग्लुकोजवरून सर्वांत सोपे समजते. वेगळे न केलेल्या रक्तातले ग्लुकोज खोलीच्या तापमानाला दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक साखर ही मधुमेहाची सीमा. एखाद्याची खरी साखर १३० आहे आणि नमुना प्लेन बल्बमध्ये दोन तास पडून राहिला, तर रिपोर्टवर ११५च्या आसपास आकडा येईल. रुग्ण समाधानाने घरी जाईल. फ्लोराइडचा करड्या टोपीचा बल्ब यासाठीच असतो, पण त्याच्यावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवते ते साखर मोडण्याच्या साखळीत खूप खालच्या टप्प्यावर आहे. वरच्या टप्प्यांवर साखर खर्च होणे पहिले एक-दोन तास चालूच राहते. सायट्रेट असलेले बल्ब किंवा बर्फात ठेवून लगेच वेगळे केलेला नमुना अधिक भरवशाचा, तो याच कारणाने.

या उदाहरणातला धोका नीट पाहावा. उत्तर विचित्र आले असते तर डॉक्टरांनी फोन केला असता आणि रिपीट सॅम्पल गेले असते. उत्तर नॉर्मल आले, म्हणून कुणीच काही विचारले नाही. नमुना तयार करण्यातली सर्वांत वाईट चूक ती, जी खऱ्या बिघाडाला नॉर्मलच्या रकान्यात नेऊन बसवते. पोटॅशियमच्या बाबतीत हीच चूक जिवावर बेतू शकते, म्हणून या पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

तांबड्या पेशीत सिरमपेक्षा वीसपटींहून अधिक पोटॅशियम असते. शंभरातली एखादी पेशी फुटली, तरी सिरममधला ४.२ मिलिमोलचा आकडा पाचच्या पुढे जातो. पेशी फुटण्याची कारणे रोजच्या कामात विखुरलेली आहेत. बारीक सुईने केलेली ओढाताण, सिरिंजचा दट्ट्या जोरात खेचणे, सुई न काढता रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडणे, स्पिरिट वाळण्याआधी टोचणे, अ‍ॅक्टिव्हेटर मिसळावा म्हणून हळूच पाच-सहा वेळा उलटायची ट्यूब खडखडा हलवणे. यांपैकी काही झाले तर निदान सिरम लालसर दिसते आणि आपण सावध होतो. काही कारणे मात्र सिरमला रंगच देत नाहीत. शीर वर यावी म्हणून ‘मूठ उघडा, मूठ मिटा’ असे रुग्णाला सांगतात; त्या व्यायामाने स्नायूंतून पोटॅशियम सुटते आणि ते एका मिलिमोलपर्यंतही वाढू शकते. ईडीटीएच्या जांभळ्या टोपीचा बल्ब आधी भरला आणि त्याचा अंश प्लेन बल्बमध्ये गेला, तर पोटॅशियम वाढते आणि त्याच वेळी कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज खाली येतात. तीन आकडे असे एकत्र हललेले दिसले की संशय घ्यावा. बल्ब भरण्याचा क्रम पाठ करायला लावतात तो यासाठी: आधी सायट्रेट, मग सिरमचे बल्ब, मग हेपॅरिन, मग ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड.

गोठण्याच्या क्रियेत प्लेटलेट्स पोटॅशियम सोडतात, त्यामुळे सिरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा नेहमीच थोडा जास्त असतो. प्लेटलेट्स फार वाढलेल्या रुग्णात हा थोडा फरक मोठा होतो. तिथे सिरमचा हट्ट सोडून हेपॅरिनचा हिरवा बल्ब घ्यावा. एकदा फिरवलेली जेलची ट्यूब सिरम कमी मिळाले म्हणून पुन्हा फिरवणे हाही पोटॅशियम वाढवण्याचा हमखास मार्ग, कारण जेलखाली पेशींशेजारी अडकलेला द्रव वर येतो.

आणि शेवटी तापमान. नमुना खराब होऊ नये म्हणून न फिरवलेला बल्ब फ्रिजमध्ये ठेवणे ही सद्हेतूने होणारी चूक आहे. थंडीत पेशीपटलावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी फुटलेल्या नसतात, सिरम स्वच्छ पिवळे दिसते, आणि आकडा चढलेला असतो. उष्णतेत सुरुवातीला उलटे घडते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा बल्बमधले पंप जोरात चालतात, आधी पोटॅशियम आत ओढले जाऊन आकडा उतरतो; साखर संपली की मग तो चढू लागतो. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाला चिकटून आलेला बल्ब आणि उन्हात राहिलेला बल्ब एकाच माणसाचे असले तरी दोन वेगळी उत्तरे देतील. यावर खात्रीचा उपाय एकच: नमुना जिथे काढला तिथेच गोठू देऊन फिरवावा आणि वेगळे केलेले सिरम पाठवावे. कलेक्शन सेंटरमध्ये एका छोट्या सेंट्रिफ्यूजचा खर्च वाचवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आता या आकड्यांचे वॉर्डात काय होते ते पाहू. पोटॅशियमच्या खोट्या ६.५वर ते उतरवण्याचे उपचार झाले, तर त्यातल्या इन्सुलिनने रुग्णाची साखर आणि खरे पोटॅशियम दोन्ही उतरतील. याहून अवघड म्हणजे जुलाबांनी थकलेला एखादा रुग्ण, ज्याचे खरे पोटॅशियम ३ आहे. नमुना हिमोलाइझ झाला, म्हणजे त्यातल्या पेशी फुटल्या, आणि आकडा ४ आला. रिपोर्टवर लाल खूण नाही, तारांकित ओळ नाही. त्याला हव्या असलेल्या उपचाराची आठवण करून देणारे काहीच उरत नाही.

हिमोलिसिसचा परिणाम पोटॅशियमपुरता थांबत नाही. एलडीएच हे एन्झाइम तांबड्या पेशींत सिरमच्या दीडशेपटींहून अधिक असते, एएसटी सुमारे चाळीसपट; म्हणून हे दोन आकडे सर्वांत आधी बिघडतात. पेशीतले फॉस्फेटही बाहेर येते. फिस्के-सुब्बाराव पद्धत कितीही काटेकोर केली, तरी चार तास पेशींवर बसलेल्या सिरममधला फॉस्फरस ती काटेकोरपणे चुकीचाच सांगेल. सिरम डोळ्यांना लालसर दिसते तेव्हा त्यात मोकळे हिमोग्लोबिन बऱ्यापैकी साठलेले असते. आजची यंत्रे प्रत्येक नमुन्याला हिमोलिसिस, कावीळ आणि चरबी यांचे निर्देशांक देतात. ते बंद ठेवून काम उरकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडायला हवी. चरबीने दुधाळ झालेल्या सिरममध्ये प्रकाशमापनाच्या चाचण्या गडबडतात, शिवाय नमुना पातळ करून मोजणाऱ्या यंत्रात सोडियम खोटे कमी येते. त्यात पाण्याचा वाटाच कमी असतो आणि यंत्र तो नेहमीइतकाच आहे असे धरून चालते.

सुई टोचण्याआधीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडावा. जास्त वेळ राहिला तर पाणी ऊतींत जाते आणि प्रथिने, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल दाट होतात. झोपलेला माणूस उभा राहिला की त्याच्या प्लाझ्माचे आकारमान दहा टक्क्यांपर्यंत घटते, म्हणून वॉर्डातल्या खाटेवरच्या आणि ओपीडीत चालत आलेल्या रुग्णाचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये दर डेसिलिटरला सुमारे पाच हजार मिलिग्रॅम साखर असते. नमुन्यात त्याचा शंभरावा हिस्सा मिसळला तरी साखर पन्नासने वाढते.

वेगळे केलेले सिरमही कायम सुरक्षित राहत नाही. उघड्या कपमध्ये ते सुकते, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून बायकार्बोनेट घटते. बिलिरुबिन उजेडात मोडते. नवजात बाळाचा नमुना काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात तो त्यामुळेच. एक-दोन दिवसांसाठी दोन ते आठ अंश, त्यापुढे उणे वीस किंवा त्याहून खाली, आणि गोठवणे-वितळवणे शक्य तितके एकदाच. वितळलेले सिरम हळुवार उलटून मिसळल्याशिवाय मोजू नये, कारण त्यात थर साचलेले असतात. एलडीएचचे काही प्रकार थंडीतच निकामी होतात, त्यामुळे ‘सगळे फ्रिजमध्ये’ हा नियमही सरसकट लागू होत नाही. आणि काही चाचण्यांना सिरम चालतच नाही: अमोनिया आणि लॅक्टेटसाठी योग्य तो बल्ब, बर्फ आणि तातडीने वेगळे करणे, एवढेच मार्ग आहेत.

इतके वाचून एखाद्याला वाटेल की हे सगळे नियम पाळायचे तर काम पुढे कसे सरकायचे? प्रश्न रास्त आहे. सकाळी सात वाजता फास्टिंगची रांग लागलेली असते, कळकळून विनंती करणारे नातेवाईक असतात, रिपोर्ट दुपारपर्यंत हवा म्हणणारे डॉक्टर असतात. पण वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पट्टा वेळेवर सोडणे, मूठ मिटवायला न सांगणे, अर्धा तास थांबणे, बल्बांचा क्रम, ट्यूब हळूच उलटणे, रक्त काढल्याची वेळ लेबलवर लिहिणे. शेवटची गोष्ट सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. वेळ लिहिलेली नसेल तर दोन तासांचा नियम पाळला की मोडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

या पुस्तकाचा मोठा गुण असा की त्यातला प्रत्येक नियम कारणासह येतो. कारण कळलेला माणूस नव्या प्रसंगी स्वतः निर्णय घेऊ शकतो. नुसती यादी पाठ केलेला माणूस यादीबाहेरचा प्रसंग आला की अडतो. शब्दही प्रयोगशाळेत रोज बोलले जातात तेच वापरले आहेत, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयातला तंत्रज्ञ ते कामाच्या टेबलावर उघडे ठेवून वाचू शकेल. डीएमएलटी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांबरोबरच निवासी डॉक्टरांनीही ते वाचावे, कारण चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट शेवटी त्यांच्याच हातात पडतो.

एक अपेक्षा मात्र पुस्तकाच्या आवाक्याबाहेरची आहे. आयएसओ १५१८९ हे मानक नमुना स्वीकारण्याचे आणि नाकारण्याचे निकष लेखी ठेवायला सांगते. अनेक ठिकाणी ते निकष फाइलमध्ये छान लावलेले असतात. नाकारण्याची वेळ येते तेव्हा समोर सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत नवा माणूस उभा असतो, आणि ‘चालवून घ्या’ म्हणणारा आवाज त्याच्याहून वरचा असतो. रक्त काढण्यापासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर कंट्रोल सिरम लावता येत नाही. तिथे कंट्रोलचे काम माणसालाच करावे लागते, आणि नकाराचा अधिकार नसलेला कंट्रोल कुठल्याच कामाचा नाही. हिमोलाइज्ड नमुना परत पाठवणाऱ्या कनिष्ठ तंत्रज्ञाच्या मागे जिथे विभागप्रमुख उभे राहतात, नाकारलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद जिथे वहीत होते आणि महिनाअखेरीस ती वही वाचली जाते, तिथे हे पुस्तक कामाला येईल. बाकी ठिकाणी ते तपासणी समितीला दाखवण्यापुरते कपाटात राहील, आणि तसे झाले तर दोष पुस्तकाचा नसेल.